क्लेरमाँचे श्री. डेरो

वाक्केन, ४ मार्च

श्री. डेरो,

पत्राच्या सुरुवातीला काहीतरी आदराचं लिहायची रीत आहे. ती मी पाळणार नाही. आदर पैसे भरणाऱ्याला.

माझं नाव रोझेट. लिलावाच्या साइटवर ज्या ओदिल वेरमांदेलची कबुतरं तुम्ही पाहिलीत, त्याची मी बायको. तुमचा पत्ता फ्रान्सचा असला तरी नाव आपल्या फ्लांडर्सचं दिसतं, म्हणून आपल्याच भाषेत लिहिते. साइटवरून गेलेल्या स्मरणपत्रांवर तुम्ही मूग गिळून बसला आहात, म्हणून शेवटी मी कागद घेतला. कागदावर मला चांगलं भांडता येतं.

आमची सगळी कबुतरं विकली गेली. लोक आले, पैसे भरले, टोपलीत घालून घेऊन गेले. एक गृहस्थ तर थेट पोलंडहून आले, आणि जाताना मला चॉकलेटचा डबा देऊन गेले. राहिलं एकच. करड्या रंगाचा, गळ्याला पांढरा पट्टा असलेला म्हातारा नर, ज्याला आमच्या घरात सगळे पाद्री म्हणतात. त्याच्यावर सगळ्यांत मोठी बोली तुमची. बोली लावलीत, जिंकलात, आणि गडप झालात.

हौस म्हणून आम्ही ही कबुतरांची ढाबळ रिकामी केली नाही, हे तुम्हाला कळावं म्हणून सांगते. माझ्या नवऱ्याला कबुतरबाजांचा तो फुप्फुसाचा रोग झाला आहे. पिसांची आणि विष्ठेची धूळ आयुष्यभर छातीत गेली की फुप्फुसं जुन्या चामड्यासारखी ताठरतात. डॉक्टरीणबाईंनी शरद ऋतूत स्पष्ट सांगितलं: पाखरं घराबाहेर, ढाबळ जमीनदोस्त, नाहीतर पुढचा हिवाळा हा माणूस बघणार नाही. एक कबुतर राहिलं तरी धूळ राहते. सुतार ठरवून ठेवला आहे. तो येऊन फळ्या उखडायला तयार आहे आणि तुमच्या पाद्रीसाठी थांबला आहे.

साइटवाल्या बाई म्हणतात की व्यवहार रद्द केला तर तुमच्या खालच्या बोलीवाल्याला पाखरू देता येईल. तो इझेगेमचा सज्जन माणूस आहे आणि रोज फोन करतो. पण रद्द विकणाऱ्यानेच करायचं असतं, आणि विकणारा ओदिल. तो म्हणतो, माणसाला थोडा वेळ द्यायला हवा.

मी त्याच्याइतकी चांगली नाही. या आठवड्यात पैसे भरून पाद्रीला घेऊन जा. नाहीतर कबुतर वाटाण्यांबरोबर कसं शिजवतात ते मला माझ्या आईनं शिकवलेलं आहे.

रोझेट वेरमांदेल


वाक्केन, ११ मार्च

श्री. डेरो,

तुमचं उत्तर आलं. साइटवरून तुम्ही पाठवलेला निरोप ओदिलनं मला त्याच्या टॅब्लेटवरून वाचून दाखवला. ज्या माणसाला कपडे धुण्याच्या मशीनचं बटण कुठलं हे अजून कळत नाही, तो या काचेच्या पाटीवर बोट मात्र सफाईनं फिरवतो. मुलीनं नाताळला दिलेली ही भेट माझ्या डोक्याला ताप झाली आहे.

तर तुमची बायको आजारी आहे. वाचताना ओदिलनं दोनदा डोळे पुसले. मी नाही पुसले. ती आजारी होती तर शेजारच्या देशातल्या कबुतरावर बोली लावायला तुम्हाला सवड कशी झाली? आजारपण इथेही आहे, श्री. डेरो. ते माझ्यासमोर बसून सूप पितं आणि दर चमच्यानंतर थांबतं.

आणि वर तुमची फर्माईश! बुधवारी पाद्रीला कोमट पाण्यात चिमूटभर मीठ घालून आंघोळ घाला, संध्याकाळी चार शेंगदाणे द्या, हातातून, कारण भांड्यातले तो खात नाही. पैसा नाही दिला अजून, आणि जावयासारखे मानपान सांगताय. मला ओदिलकडे बघून म्हणावंसं वाटलं की या माणसाला त्याचे शेंगदाणे पोस्टानं पाठव. पण ओदिल म्हणाला, ‘त्याचं बरोबर आहे, रोझेट. भांड्यातले तो खरंच खात नाही.’

म्हणून आज, बुधवारी, मी नाकाला मास्क, अंगात ओदिलचा जुना रेनकोट, डोक्याला फडकं अशी गॅरेजवरच्या ढाबळीत चढले. माझे गुडघे त्या जिन्याला शिव्या देतात. ओदिलला जिन्याची बंदी आहे, त्यामुळे सध्या पाद्रीची मोलकरीण मीच. तुमच्या पाखरानं आंघोळ केली, माझ्यावर पाणी उडवलं, शेंगदाणे घेतले आणि माझ्या अंगठ्याला चावलं. ते तुमचंच शोभतं.

मुलगी लीझलोट म्हणते, आई, असल्या लोकांना काळ्या यादीत टाकतात, साइटला कळव. मी कळवणार होते. ओदिलनं हात जोडल्यासारखं केलं. पाखरांच्या खेळात दिलेला शब्द पाळतात, डेरो येईल, असं तो म्हणतो. रोज तुमची बाजू घेतो. तुमच्या सख्ख्या भावानं घेतली नसती.

मी मात्र तुमचा तिरस्कार करते. हे नीट वाचता यावं म्हणून सावकाश लिहिलं आहे.

पहिलं पत्र ओदिलनंच पेटीत टाकलं. हेही तोच टाकेल. डॉक्टरीणबाईंनी त्याला रोज पोस्टाच्या पेटीपर्यंत चालायला सांगितलंय. तेवढा तरी तुमचा उपयोग.

रोझेट वेरमांदेल


वाक्केन, १९ मार्च

श्री. डेरो,

त्याचा खोकला वाढला आहे. कबुतरं गेली, खोकला कमी व्हायला हवा होता. मी डॉक्टरीणबाईंना फोन केला तर त्यांनी उलट मलाच विचारलं, घरात अजून काही पिसंबिसं आहेत का. मला एका कबुतराचं नाव घ्यायची लाज वाटली. आज सकाळी त्याच्या स्वेटरच्या कॉलरवर एक बारीक पांढरं पीस होतं. माझ्याच अंगावरून गेलं असणार. मग मी मास्क, कोट, फडकं सगळं बाहेर बागेत काढायला लागले, मार्चच्या गारठ्यात, शेजाऱ्यांच्या देखत. धान्याची गोणीही एका पाखराच्या मानानं भलतीच उतरली आहे. उंदीर लागले असतील. तेही तुमच्या नावावर.

काल आमचं भांडण झालं. सुताराला दुसरं काम मिळतंय, तो किती दिवस थांबेल? मी टॅब्लेट ओदिलच्या पुढ्यात ठेवला आणि म्हटलं, रद्द कर, आत्ता, माझ्यासमोर.

‘अजून एक आठवडा,’ तो म्हणाला.

‘कुणासाठी?’

‘डेरोसाठी.’

बायकोसाठी नाही, मुलीसाठी नाही, स्वतःच्या छातीसाठी नाही. डेरोसाठी! माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. मी बशी आपटली. ती माझ्या सासूची होती, त्यामुळे फार वाईट वाटलं नाही.

मी ठरवलंय. पुढच्या गुरुवारी ओदिल सकाळी श्वासाच्या व्यायामाला जातो, तेव्हा लीझलोट गाडी घेऊन येईल. मी पाद्रीला टोपलीत घालून क्लेरमाँला घेऊन येते. साखर कारखान्याचा रस्ता, पहिलं घर, असा तुमचा पत्ता ओदिलनं पाकिटावर लिहिलेला मी पाहिला आहे. मी दारावर थाप मारीन. तुमची बायको आजारी असेल तर मी तिला सूप करून देईन, आणि तुमच्याकडून पैसे वाजवून घेईन. नसतील तर पाखरू तसंच ठेवून येईन. फुकट न्या. पण न्या.

हे पत्र मी स्वतः पेटीत टाकते आहे. ओदिलला कळलं तर तो अडवेल.

रोझेट वेरमांदेल


क्लेरमाँ, २६ मार्च, गाडीत

श्री. डेरो,

तुम्ही नाही आहात.

साखर कारखान्याचा रस्ता आहे. पहिलं घर नाही, दुसरंही नाही. एक खडीचं मोठं मोकळं मैदान आहे, कडेला तुटकं फाटक आणि पाण्याचा नळ. आम्ही दोघी मायलेकी नकाशात डोकं घालून उभ्या होतो, तेवढ्यात एक म्हातारा कुत्र्याला फिरवत आला. लीझलोटनं त्याला फ्रेंचमध्ये विचारलं, डेरो कुठे राहतात. त्यानं आमच्या टोपलीकडे पाहिलं आणि हसला. इथे कुणी राहत नाही, म्हणाला. उन्हाळ्यात शनिवारी सकाळी बेल्जियमचे ट्रक येतात, खोक्यांची दारं एकदम उघडतात, आणि तुमची कबुतरं घरी जातात.

लीझलोटला हसू फुटलं आणि मग माझं तोंड पाहून थांबलं.

माझ्या नवऱ्याला परदेशातलं एकच ठिकाण ठाऊक आहे. तेही त्यानं पाहिलेलं नाही, त्याच्या पाखरांनी पाहिलेलं आहे. शुक्रवारी कोपऱ्यावरच्या कॅफेत पाखरं ट्रकवाल्याच्या हवाली करायची आणि शनिवारी अंगणात खुर्ची टाकून आकाशाकडे डोळे लावून बसायचं, हा त्याचा सगळा प्रवास. क्लेरमाँ ही पाद्रीची शर्यत. त्याच्या पहिल्या नंबराचा फोटो आमच्या दिवाणखान्यात लग्नाच्या फोटोच्या वर लावला आहे, खाली मैदानाच्या नावासकट; रोज पुसते, पण ते नाव कधी डोक्यात शिरलं नाही. खोट्या माणसाला खरा पत्ता द्यायची वेळ आली तेव्हा हाताला सवयीचं तेच त्यानं लिहिलं. दुसरा कुणी असता तर ब्रसेल्स तरी लिहिलं असतं.

तर तुम्ही माझ्या नवऱ्याच्या डोक्यात राहता, श्री. डेरो. तुमची आजारी बायको मी आहे की काय? आणि तुम्ही पैसे का भरत नाही, तेही कळलं. तुम्ही भरत नाही तोवर पाद्रीला कुणी नेऊ शकत नाही. तोवर ढाबळ पडत नाही. तोवर मी खाली भांडी घासत असताना कुणीतरी हळूच जिना चढतं आणि हातातून शेंगदाणे देतं. तो उंदीर, ते कॉलरवरचं पीस.

डोळ्यांत धूळ फेकली माझ्या. आणि स्वतःच्या छातीत.

टोपलीतला पाद्री मैदानात आल्यापासून गोल गोल फिरत होता. त्याला जागा ओळखू आली. मी टोपली खडीवर ठेवली आणि झाकण उघडलं. रागानं की आणखी कशानं, ते मला सांगता येणार नाही. तो वर गेला, एक फेरी घेतली आणि उत्तरेकडे वळला. आम्ही घरी पोचायच्या आत तो पोचलेला असेल. आकाशात तो दक्षिणेकडून येताना ओदिलला दिसेल, आणि मी कुठे जाऊन आले ते त्याला कळेल.

बरं झालं. मला बोलावं लागणार नाही.

रोझेट


वाक्केन, ३० मार्च

श्री. डेरो,

माझं तिसरं पत्र आज परत आलं, पत्ता सापडत नाही असा शिक्का मारून. पहिली दोन परत आली नव्हती. मी आज दवाखान्यात न्यायला ओदिलचा चांगला कोट काढला, तेव्हा ती आतल्या खिशात मिळाली. उघडलेली, आणि घड्या झिजलेल्या. बरीच वाचलीत म्हणायची.

गुरुवारी आम्ही घरी आलो तेव्हा काय दिसलं ते तुम्हाला माहीत आहे, तरी लिहिते. ढाबळीच्या जिन्यावर मधल्या पायरीवर माझा नवरा बसला होता. ओठ निळे. पाखरू वर फळीवर उतरलं, दार बंद होतं, म्हणून तो उघडायला धावत चढला. या वयात, त्या छातीनं, धावत. दार उघडून पाद्रीला आत घेतलं, आणि उतरताना श्वास संपला. मी त्याला धरलं तर आधी पाखरू किती वाजता सोडलं ते विचारतो, आणि मग मला म्हणतो, ‘दोन तास वीस मिनिटं, रोझेट. या वाऱ्यात!’ चेहऱ्यावर असा आनंद की मला त्याच्या थोबाडीत द्यावीशी वाटली.

आता तो दवाखान्यात खिडकीजवळच्या पलंगावर आहे, नाकात ऑक्सिजनची नळी. डॉक्टरीणबाई मला बाहेर घेऊन गेल्या आणि म्हणाल्या, पुन्हा असं झालं तर मी काही करू शकणार नाही. मी घाबरले आहे, श्री. डेरो. तुम्हाला लिहिताना ते लपवायचं काही कारण उरलं नाही.

तुमच्या खेळात नराला मादीपासून दूर ठेवतात आणि शर्यतीच्या आधी क्षणभर दाखवतात, म्हणजे तो जीव तोडून घरी येतो. या पद्धतीला तुम्ही विधुरपण म्हणता. तुम्हा लोकांना हा शब्द किती सहज तोंडात येतो. मला विधवा व्हायचं नाही, पाच मिनिटांपुरतंही नाही.

काल मी ओदिलला विचारलं की इझेगेमच्या माणसात वाईट काय आहे. तो तोंड भिंतीकडे करून म्हणाला की घर ओळखणारं पाखरू विकलं की नवा मालक त्याला कधी सोडू शकत नाही, सोडलं तर ते आपल्याच छपरावर येणार.

‘मरेपर्यंत जाळीत,’ तो म्हणाला. ‘पाद्री जाळीत!’

‘आणि तू मेलास तर चालेल?’

त्यानं पांघरूण कानावर ओढलं. त्याला चालेल की काय, या विचारानं मला झोप नाही.

म्हणून आता तुम्हाला विचारते. तुम्ही बोली जिंकली आहे. पाखरू तुमचं. पण तुमची ढाबळ माझ्या घरावर आहे, आणि शनिवारी सुतार येतो आहे. मी त्याला नक्की सांगितलं आहे. तोवर व्यवहार पुरा करा, कसा ते तुम्ही ठरवा. केला नाहीत तर मी लीझलोटकडे घेंटला जाते आणि तुम्ही दोघं इथे राहा, पाखरू आणि तुम्ही. हे मी रागात लिहीत नाही. राग होता तेव्हा मी वाटाण्यांच्या गोष्टी करत होते.

पत्र तुमच्या उशाशी ठेवते आहे. या वेळी पेटीपर्यंत चालायची तसदी नको.

रोझेट


वाक्केन, ४ एप्रिल

ओदिल,

बाहेर सुतार फळ्या काढतो आहे. तू बागेत खुर्चीवर बसून बघतो आहेस, मांडीवर ब्लँकेट, नळी नाकात. मी स्वयंपाकघरातून लिहिते आहे. या खिडकीतून तुझी पाठ दिसते.

दवाखान्यातून घरी आल्यावर काल सकाळी तू मास्क लावून, एक एक पायरी थांबत वर गेलास, तेव्हा मी अडवलं नाही. मला वाटलं निरोप घेतोयस. मी जिन्याखाली उभी राहून तुझा श्वास ऐकत होते. वर पाद्री घुमला, तू त्याच्याशी काहीतरी बोललास, आणि मग घुमणं थांबलं. मला तेव्हाच कळायला हवं होतं. तू खाली आलास, टेबलावर वर्तमानपत्र होतं त्याच्यावर त्याला ठेवलंस, पांढरा पट्टा वर, मान सैल. अजून ऊब होती.

‘डेरोनं पैसे भरले,’ तू म्हणालास.

आणि हात धुवायला गेलास.

तुम्हा लोकांत हे करतात, मला माहीत आहे. कॅफेतले तुझे मित्र म्हणतील, ओदिलनं बरोबर केलं, जाळीत दिलं नाही. म्हणू देत. मी तुला माफ केलेलं नाही. कशासाठी ते नीट सांगते, कारण तुला वाटेल पाखरासाठी, किंवा पत्रांसाठी.

तुला जगवायचं म्हणून मी तुझ्या मागे लागले, आणि ते तू ऐकलंस. तू माझ्यासाठी स्वतःच्या हातानं त्याची मान मोडलीस. हे मी आता रोज सकाळी तुझा श्वास ऐकताना आठवणार आहे. तुझ्या प्रत्येक श्वासाची किंमत मला कळावी अशी तुझी इच्छा नसेल, पण तू तसंच केलंस. मला हे नको होतं. मला तू हवा होतास, आणि पाखरू दूर कुठेतरी जिवंत. एवढं साधं मला का मिळालं नाही, ते मला अजून कळत नाही.

मी वाटाणे काढले होते. पहिल्या पत्रात लिहिलं होतं ना, म्हणून हट्टानं काढले, भिजतही घातले. मग पिसं काढायला त्याला हातात घेतलं तर अंगठ्यावर त्यानं चावलेलं अजून दिसत होतं. मला जमलं नाही. लीझलोटनं सफरचंदाच्या झाडाखाली खड्डा केला. त्याच्या पायातलं नंबराचं कडं मी काढलं नाही. तू विचारलं नाहीस, पण तुला जाणून घ्यायचं असेल म्हणून.

तू एकदा तरी माझ्यासमोर बसून म्हणायचं होतंस, रोझेट, पाद्रीला राहू दे, मला त्याच्याशिवाय शनिवार काढता येणार नाही. मी ‘नाही’ म्हटलं असतं. खोटं कशाला लिहू, मी ‘नाही’च म्हटलं असतं, बशीही फोडली असती. पण ते ‘नाही’ तू माझ्या तोंडून ऐकलं असतंस. तू क्लेरमाँच्या खडीवर एक माणूस उभा केलास, त्याला आजारी बायको दिलीस, आणि मला महिनाभर त्या परक्याशी भांडायला लावलंस. माझ्याशी भांडायची हिंमत तुला झाली नाही. इतक्या वर्षांनी मी तुला इतकी भीतिदायक वाटते का?

हे पत्र मी पोस्टात टाकायला तुझ्याकडे देणार नाही. सुताराला कॉफी नेऊन देते आहे, तुझीही आणते, आणि हे तुझ्या ब्लँकेटवर ठेवते. वाचून झालं की उत्तर दे. लिहून नको. मी बाजूलाच खुर्ची घेऊन बसणार आहे.

रोझेट